ढोरांच्या दवाखान्यात ससा

पिंजऱ्याखालचा कागद रोज सकाळी बदलायचा असतो, पण फेकण्याआधी तो नीट पाहायचा असतो. निरोगी सशाच्या लेंड्या गोल, कोरड्या, एकसारख्या, वाटाण्याहून थोड्या लहान असतात. एखादी बोटांत चुरली की आतून गवताचा भुसा निघतो. वास जवळजवळ येतच नाही. रात्रभरात अशा शंभरावर लेंड्या सहज पडतात. एखाद्या सकाळी मात्र कागदावर पंधरा-वीसच दिसतात, त्याही ज्वारीच्या दाण्याएवढ्या, वेड्यावाकड्या, काही केसांच्या धाग्यात ओवल्यासारख्या. रात्रीचं गवत तसंच पडलेलं. ससा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, डोळे अर्धे मिटलेले, मधूनमधून दात करकरत असलेला. घरातलं कोणी म्हणतं, ‘झोप येत असंल त्याले, राहू द्या.’

राहू देऊ नये. सशाने दहा-बारा तास तोंडात काही घेतलं नाही, तर ती तातडीची वेळ असते. कुत्र्याने एक दिवस जेवण टाकलं तर आपण उद्याची वाट पाहू शकतो. सशाच्या बाबतीत उद्यापर्यंत बराच उशीर झालेला असतो, कारण त्याचं पोट थांबण्यासाठी बनलेलंच नाही. त्याच्या लहान आतड्याच्या टोकाशी आंधळ्या आतड्याची भली मोठी पिशवी असते, जठरापेक्षा कितीतरी मोठी. तिथे जिवाणू गवताचा चोथा आंबवतात. आंबलेला भाग मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्यांच्या रूपात बाहेर येतो आणि ससा तो थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो. नव्या मालकाला हे पाहून किळस येते आणि तो सशाला हटकतो. पण गाय रवंथ करते तसंच हे आहे. प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं त्याला या दुसऱ्या जेवणातून मिळतात. हे चक्र दुखण्यामुळे, भीतीमुळे, उन्हामुळे किंवा चुकीच्या खाण्यामुळे मंदावलं की पोटात वायू धरतो. वायूने पोट दुखतं, दुखतं म्हणून ससा खात नाही, खात नाही म्हणून आतडी आणखी मंदावतात. त्यात सशाला उलटी करताच येत नाही. आत गेलेलं पुढेच सरकायला हवं.

आता ही सकाळ पांढरकवड्यात उजाडली आहे असं धरू. केळापूर तालुक्याचं हे मुख्य ठिकाण. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते जगदंबेचं केळापूर जवळच आहे, आणि तहसील, बाजारपेठ, दवाखाने सगळं पांढरकवड्याला. खुनी नदीकाठचं हे गाव राष्ट्रीय महामार्ग 44 वर आहे. उत्तरेला करंजी, वडकी, हिंगणघाट करत नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. दक्षिणेला पाटणबोरीवरून पैनगंगा ओलांडली की तेलंगणातलं आदिलाबाद. पश्चिमेला यवतमाळ. गावात गुरांचा सरकारी दवाखाना आहे, ज्याला इथली माणसं ढोरांचा दवाखाना म्हणतात. ‘सशाचा डॉक्टर’ अशी पाटी कुठेच नाही, आणि ती शोधत फिरण्यात वेळ घालवण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी: अशी पाटी कायद्याने लावता येईल, अशी पदवीच आपल्या देशात नाही.

पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. त्यापुढे पदव्युत्तर शिक्षणात विशेष विषय असतात: औषधशास्त्र, शल्यचिकित्सा व क्ष-किरण, प्रसूतिशास्त्र, विकृतिशास्त्र आणि असे आणखी. म्हणजे तज्ज्ञता विषयाची असते, प्राण्याची नव्हे. शल्यचिकित्सेत पदव्युत्तर असलेला डॉक्टर म्हशीच्या पोटातली तार काढतो आणि कुत्र्याचं मोडलेलं हाडही जोडतो. सशाची दाढ घासायला तो शिकला आहे की नाही, ते पदवीवरून कळत नाही. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणी झालेल्या पदवीधरालाच पशुवैद्यकीय व्यवसाय करता येतो. पदविका घेतलेले पशुधन पर्यवेक्षक किरकोळ सेवा देऊ शकतात, त्याही पदवीधराच्या देखरेखीखाली. महाराष्ट्रातली नोंदणी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे होते आणि तिचं कार्यालय नागपुरात आहे. नोंदणी पाहणं ही शोधाची पहिली पायरी. पण नोंदणीमुळे समोरचा माणूस डॉक्टर आहे एवढंच ठरतं. तो सशाचा डॉक्टर आहे का, हे आपल्याला दुसऱ्या मार्गाने शोधावं लागतं.

आपल्याकडच्या डॉक्टरने ससा अभ्यासलेलाच नसतो असंही नाही. तो अभ्यासलेला असतो, पण वेगळ्या हेतूने. भारतात सशावरचं मोठं काम झालं ते लोकर आणि मांसासाठी. राजस्थानातल्या अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था 1962 ची. तिच्या हिमाचलातल्या गरसा आणि तमिळनाडूतल्या मन्नवनूर इथल्या केंद्रांवर अंगोरा, न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला, व्हाइट जायंट या जातींवर काम होत आलं आहे. ससेपालनाच्या पुस्तकात मादी किती दिवसांत विते, पिल्लांचं वजन किती वाढतं, कोणतं खाद्य स्वस्त पडतं, हे सगळं बारकाईने असतं. पण मांसाचा ससा साधारण बारा आठवड्यांचा झाला की त्याचं आयुष्य संपतं. घरातला ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो. दाढांची टोकं वाढून जिभेत घुसणं, मूत्राशयात चुना साचणं, चार वर्षांच्या मादीच्या गर्भाशयात कर्करोग होणं, म्हातारपणी मागचे पाय लुळे पडणं, हे आजार तीन महिन्यांत मरणाऱ्या जनावराला होतच नाहीत. म्हणून ते त्या पुस्तकातही नाहीत. आपल्या गावातल्या डॉक्टरच्या हाती अभ्यासक्रमाने जे दिलं, त्यात आपल्या सशाच्या आयुष्याचे पहिले बारा आठवडेच येतात. यात त्यांचा दोष काढणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या तालुक्यात गाय-बैल, म्हैस आणि शेळी यांच्यावर घर चालतं, तिथे आषाढातल्या पावसात रात्री दोन वाजता आडवं आलेलं वासरू काढायला जाणारा माणूस आधी त्यातच पारंगत होणार.

तरीही ससा आणि बाकीची जनावरं यांतला फरक जाणून घ्यायलाच हवा, कारण अज्ञानाची किंमत ससा मोजतो.

पहिला फरक औषधांचा. अमॉक्सिसिलिन हे माणसांच्या घरात पडून असलेलं ओळखीचं प्रतिजैविक. लहान मुलांचं गोड सिरप असतं तेच. कुत्र्याला ते चालतं. सशाच्या तोंडावाटे ते गेलं तर आंधळ्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात, त्यांचं विष रक्तात उतरतं आणि दोन-तीन दिवसांत जुलाब होऊन ससा दगावू शकतो. ॲम्पिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही त्याच यादीत. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा ससा सहसा नीट सोसतो. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्यावर फवारतात ते फिप्रोनिल तर सशाला विषच आहे. ते अंगावर पडून झटके येऊन ससे मेल्याची नोंद पशुवैद्यकाच्या वाङ्मयात आहे. बाटलीवर कुत्र्याचं चित्र असतं, दुकानदार ‘सगळ्याच जनावराले चालते’ म्हणतो, आणि घात होतो.

दुसरा फरक मात्रेचा, आणि तो कागदावर मांडला की लगेच कळतो. कानात खपल्यांचे थर चढवणारी खरूज हा आपल्याकडच्या सशांचा फार सामान्य रोग. त्यावर आयव्हरमेक्टिन चालतं, आणि ते ढोरांच्या दवाखान्यात असतंच. पण गुरांच्या इंजेक्शनमध्ये एका मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम औषध असतं आणि हिशेब असतो 50 किलो वजनाला 1 मिलिलिटर. त्याच हिशेबाने दीड किलोच्या सशाला लागतं 0.03 मिलिलिटर. म्हणजे गुरांच्या सिरिंजमध्ये दिसणारही नाही एवढा थेंब. तो मोजायला इन्शुलिनची बारीक सिरिंज हवी, आणि त्याआधी ससा किराणा दुकानातल्यासारख्या ग्रॅममध्ये दाखवणाऱ्या काट्यावर तोलायला हवा. ‘असंल एक-दोन किलोचा’ हा अंदाज गाईच्या वजनात खपतो, इथे त्याने मात्रा दुप्पट होते.

तिसरा फरक दातांचा. सशाचे सगळे दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे पटाशीचे दात आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर, म्हणजे वर्षाला बोटभर. एकूण दात 28. वरच्या जबड्यात पुढे दिसणाऱ्या दोन मोठ्या दातांच्या मागे दोन छोटे खुंटीसारखे दात लपलेले असतात. मागे दाढा 22, ज्या जांभई दिली तरी दिसत नाहीत, कारण सशाचं तोंड फार कमी उघडतं आणि गाल आत दाबलेले असतात. दाढा झिजतात त्या चाऱ्याने, आणि चारा म्हणजे गवत. गाजर, बिस्कीट, पोळी आणि गोळीखाद्य यांवर वाढलेल्या सशाच्या दाढा झिजत नाहीत. त्यांच्या कडेला सुईसारखी टोकं येतात, खालच्या दाढांची जिभेला टोचतात, वरच्यांची गालाला. ससा खायला येतो, पान उचलतो आणि टाकून देतो. हनुवटी लाळेने ओली राहते. मालकाला वाटतं नखरे करतोय. डॉक्टर पुढचे दात पाहून सांगतात, ‘दात चांगले हायेत.’ आजार मागे असतो. तो पाहायला कान तपासायचं ते नळीचं दिव्याचं यंत्र सशाच्या तोंडात बाजूने सरकवावं लागतं, आणि पूर्ण पाहायचं तर भूल द्यावी लागते.

भुलीचाच चौथा फरक. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भुलीशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत 0.17 टक्के, मांजरांत 0.24 टक्के आणि सशांत 1.39 टक्के आढळलं. म्हणजे कुत्र्याच्या आठपट, तेही जिथे ससे पाहणारे दवाखाने भरपूर आहेत त्या देशात. सशाची छाती लहान, स्वरयंत्र अरुंद, नळी घालणं अवघड. शिवाय आणलेले बरेच ससे आधीच उपाशी आणि घाबरलेले असतात. तेव्हा शस्त्रक्रिया करायला तयार होणारा डॉक्टर आणि सशाला भूल देण्याचा सराव असलेला डॉक्टर ही दोन वेगळी माणसं असू शकतात.

मग ओळखायचं कसं? पाटीवरून नाही, प्रश्नांवरून. फोन करून ‘तुम्ही ससे पाहता का?’ असं विचारलं तर उत्तर बहुधा ‘हो, आणा’ असंच येतं. त्याऐवजी विचारावं, ‘डॉक्टरसाहेब, महिन्याला किती ससे येतात तुमच्याकडे?’ मग विचारावं, ‘ऑपरेशन करायचं झालं तर आदल्या रात्री किती वाजल्यापासून उपाशी ठेवू?’ माझ्या मते हा सगळ्यात उपयोगी प्रश्न आहे. कुत्र्या-मांजराला भुलीआधी उपाशी ठेवतात, कारण उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. सशाला उलटी होत नाही आणि उपाशी ठेवलं तर त्याची आतडी थांबतात. म्हणून जाणकार डॉक्टर म्हणतो, ‘उपाशी नका ठेवू, त्याचं नेहमीचं गवत सोबतच घेऊन या.’ जो ‘रात्री आठनंतर पाणीसुद्धा देऊ नका’ म्हणतो, त्याच्याकडे नखं कापायला, जखम धुवायला जावं, पण सशाचं पोट उघडायला देऊ नये. तिसरा प्रश्न, ‘पुढचे दात वाढले तर कशाने कापता?’ नखं कापायच्या कात्रीने कापले तर दात उभा चिरतो आणि मुळाशी गळू होतं. यंत्रावर फिरणाऱ्या चकतीने किंवा बारीक कानशीने घासतात, हे ऐकू आलं तर समाधान मानावं. आणखी एक खूण, जी विचारायची गरजच नसते: चांगला डॉक्टर सशाला हात लावण्याआधी खाण्याबद्दल विचारतो. काल काय खाल्लं, लेंड्या कशा आहेत, गवत कोणतं. आणि उचलताना मागच्या पायांखाली तळहात देतो. सशाच्या मागच्या पायांत इतका जोर असतो आणि पाठीचा कणा इतका हलका असतो की हवेत लटकत त्याने जोरात लाथ मारली तर स्वतःचाच कणा मोडतो. कान धरून उचलणारा माणूस कितीही शिकलेला असो, त्याच्यापुढून ससा परत न्यावा.

हे प्रश्न विचारायला संकोच वाटतो. आपल्याकडे डॉक्टरला उलट विचारणं अपमानाचं मानतात. पण मोकळेपणाने ‘सशाचा मला फारसा सराव नाही’ असं सांगणारा डॉक्टर मला सर्वांत विश्वासाचा वाटतो. त्याच्याच भोवती पुढची सगळी व्यवस्था उभी राहू शकते.

परदेशात हा शोध संस्थांनी सोपा केला. अमेरिकेत 1988 साली कॅलिफोर्नियात हाउस रॅबिट सोसायटी सुरू झाली. ससा अंगणातल्या खुराड्यात ठेवायचा नसून घरात माणसांबरोबर राहणारा प्राणी आहे, हे तिने लोकांना पटवलं, आणि सशाची माहिती असलेल्या डॉक्टरांच्या याद्या ठेवल्या. ब्रिटनमध्येही सशांच्या कल्याणासाठीच वाहिलेली संस्था अशी यादी ठेवते. अमेरिकेत तर ससा, गिनिपिग अशा घरगुती लहान सस्तन प्राण्यांची वेगळी तज्ज्ञ-परीक्षाच आहे. आपल्याकडे मुंबई-पुण्यात ‘एक्झॉटिक’ म्हणजे कुत्रा-मांजर सोडून पोपट, कासव, ससा असे प्राणी पाहणारे खासगी डॉक्टर मिळतात. ही तज्ज्ञता परीक्षेतून आलेली नाही. रोज तेच प्राणी हाताळून, स्वतः वाचून, चुका पचवून आलेली आहे.

केळापूरकरांना जवळचं मोठं ठिकाण नागपूर. 1958 पासूनचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे, त्याचं चिकित्सालय आहे, आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही तिथेच. महाविद्यालयाच्या चिकित्सालयाचा फायदा असा की क्ष-किरण, सोनोग्राफी, रक्ततपासणी आणि वेगवेगळ्या विषयांचे अध्यापक एका आवारात मिळतात. शहरात कुत्र्या-मांजरांचे खासगी दवाखानेही बरेच, त्यांच्यात ससे नियमित पाहणारा कोणीतरी असतोच. तो शोधायचा वरच्या तीन प्रश्नांनी. दक्षिणेकडे हैदराबादलाही पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण अंतर नागपूरच्या दुपटीहून जास्त. 1962 हा टोल फ्री क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी आहे. ती योजना मुख्यतः पशुधनासाठी, तरी अडचणीच्या वेळी जवळचा डॉक्टर कोण हे कळायला तो जवळ लिहून ठेवावा.

पण नागपूर सापडलं म्हणजे काम झालं, असं नाही. ज्या सकाळी लेंड्या बंद आहेत त्या सकाळी दीडशे किलोमीटर हे उत्तर नव्हे. विदर्भातला उन्हाळा तर हे अंतर आणखी वाढवतो. सशाला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करणंही त्याला नीट जमत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतल्या रक्तवाहिन्यांतून बाहेर टाकतो. हवा तिशीपलीकडे गेली की त्याला त्रास सुरू होतो, आणि मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो. दुपारी बंद गाडीत नेलेला ससा आजाराने नव्हे, रस्त्यानेच मरू शकतो. न्यायचंच असेल तर पहाटे चारला निघायचं. जाळीदार टोपलीत तळाशी गोणपाट, वर त्याचंच ओळखीच्या वासाचं गवत, एका बाजूला कापडात गुंडाळलेली बर्फ झालेली पाण्याची बाटली, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे गार नको वाटलं तर तो सरकू शकेल. कान पाण्याने हलके ओले करावेत, अंग भिजवू नये. जोडीचा ससा असेल तर त्यालाही सोबत न्यावं. एकटा परतलेला, दवाखान्याच्या वासाचा ससा घरच्या सशाला परका वाटतो आणि दोघं भांडतात.

म्हणून खरी व्यवस्था तिघांची असते: घरातलं माणूस, गावातला डॉक्टर आणि दूरचा जाणकार. ससा ठणठणीत असताना एकदा त्याला नागपूरला जाणकार डॉक्टरकडे तपासून आणावं, हिवाळ्यात, निवांत. दाढा पाहून घ्याव्यात, मादी असेल तर गर्भाशय काढण्याबद्दल विचारावं, कारण न काढलेल्या मादीत तीन-चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. निघताना विचारावं, ‘साहेब, आमच्याकडच्या डॉक्टरांनी तुम्हाला फोन केला तर चालेल का?’ गावी आल्यावर पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे, म्हणजे ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे, जावं, ससा दाखवावा आणि तो नंबर द्यावा. इथल्या डॉक्टरांपैकी कितीतरी जण नागपूर किंवा परभणीच्या महाविद्यालयात शिकलेले असतात; पलीकडचा माणूस सिनियर, ज्युनियर किंवा बॅचमेट निघण्याची शक्यता मोठी असते. एका डॉक्टरने दुसऱ्याला केलेल्या दोन मिनिटांच्या फोनने जे होतं ते मालकाने दाखवलेल्या मोबाइलवरच्या दहा व्हिडिओंनी होत नाही. आतडी थांबलेल्या सशाला पहिल्या काही तासांत जे लागतं ते सगळं ढोरांच्या दवाखान्यात असतं: कातडीखाली द्यायचं सलाइन, वेदनाशामक, थर्मामीटर. नसते ती फक्त मात्रा, आणि ती फोनवर मिळते. सशाचं तापमान 38.5 ते 40 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असायला हवं. ते 38 च्या खाली गेलं, अंग गार लागलं, पोट नगाऱ्यासारखं ताणलं, तर आत अडथळा असू शकतो. तेव्हा जबरदस्तीने भरवणं धोक्याचं आणि नागपूर गाठणं भागच. नुसतीच मंदावलेली आतडी असतील तर सलाइन, वेदनाशामक आणि भिजवून वाटलेलं खाद्य सिरिंजने थोडं थोडं भरवून ससा घरीच पुन्हा लेंड्या टाकायला लागतो.

केळापुरात आणखी एक धोका आहे, जो परदेशी पुस्तकांत सापडत नाही. हा कापसाचा तालुका. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते दुःख इथल्या घराघरांना माहीत आहे. सशासाठी आपण गवत आणतो ते बहुधा धुऱ्यावरचंच. फवाऱ्याचे थेंब धुऱ्यावर पडतात, आणि जी कीटकनाशकं झाडात आत शोषली जातात ती धुऊन निघत नाहीत. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या विषावर ॲट्रोपीन हा उतारा. माणसालाही तोच, बैलालाही तोच. पण बऱ्याच सशांच्या रक्तात ॲट्रोपीन तोडून टाकणारं विकर जन्मतःच असतं, त्यामुळे नेहमीच्या मात्रेचा परिणाम लवकर ओसरतो आणि ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. हे गावातल्या डॉक्टरला त्या क्षणी आठवेलच असं नाही. सशाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावं. गवत मात्र फवारणी न होणाऱ्या जागेचंच आणावं, हरळी किंवा मारवेल, आणि हिवाळ्यात कापून सावलीत वाळवून वर्षाचं भरून ठेवावं.

एक गोष्ट मध्येच सांगायला हवी, कारण या भागात ती हमखास घडते. तूर सवंगताना किंवा गवत कापताना सशाची पिल्लं सापडतात आणि मुलं ती घरी आणतात. मराठीत आपण दोघांनाही ससा म्हणतो, पण रानातला ससा आणि दुकानातून आणलेला ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे. त्याची पिल्लं उघडी, डोळे मिटलेली जन्मतात. आपला रानससा बीळ करत नाही. त्याची पिल्लं केसाळ, उघड्या डोळ्यांची जन्मतात, आणि आई त्यांना दिवसभर एकटं सोडून अंधार पडला की दूध पाजायला येते. म्हणजे गवतात एकटं दिसलेलं पिल्लू अनाथ नसतं. ते तिथेच राहू द्यावं. रानससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. जखमी सापडला तर वनविभागाला कळवावं. टिपेश्वर अभयारण्य जवळ असल्याने वनखात्याची माणसं पांढरकवड्यात असतातच.

लघवी लाल दिसली म्हणून धावत जाणारे मालकही बरेच असतात. कोबीवर्गातल्या किंवा काही रंगीत भाज्यांनी सशाची लघवी केशरी-लाल होते आणि दोन दिवसांत निवळते. ससा खातोय, उड्या मारतोय, तर थांबून पाहायला हरकत नाही. पण मान एका बाजूला कलली, ससा गोल फिरू लागला, किंवा पावसाळ्यात शेपटीखालचे केस ओले राहून माश्या बसल्या आणि अळ्या पडल्या, तर तासभरही थांबू नये.

वहीबद्दल थोडं. साधी शाळेची वही पुरते. दर रविवारी वजन, ग्रॅममध्ये. 1640, 1650, 1635. मग एका आठवड्यात 1560. डोळ्यांना ससा तसाच दिसतो, कारण तो शिकार होणारा प्राणी आहे आणि दुखणं लपवणं हेच त्याचं संरक्षण. कळपातला आजारी दिसणारा आधी उचलला जातो. काटा मात्र लपवत नाही. त्याच पानावर तारखेसह औषधाचं नाव, किती मिलिलिटर, कशातून दिलं. नागपूरच्या डॉक्टरच्या हातचं दाढांचं चित्र. मागच्या पानावर चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या औषधांची नावं, मोठ्या अक्षरात.

पहिल्यांदा ही वही घेऊन ढोरांच्या दवाखान्यात जाल तेव्हा आवारात खोड्यात एखादी गाय उभी असेल, कोणी शेळी घेऊन बसलं असेल आणि टोपलीतला ससा पाहून लोक गोळा होतील. ‘याले बी डॉक्टर लागते काय जी?’ असं कोणीतरी विचारेल. टेबल पत्र्याचं, गुळगुळीत. त्यावर ससा घसरतो आणि घाबरतो, म्हणून घरून जाडसर टॉवेल न्यावा. डॉक्टर गुरांच्या सवयीने थेट मानेकडे हात नेतील, तेव्हा आपण आधी मागच्या पायांखाली तळहात द्यावा, म्हणजे ते पाहतील. वजन करतील, वही चाळतील, मागच्या पानावर थांबतील, कदाचित त्याचा फोटोही काढतील. नागपूरच्या डॉक्टरचं नाव वाचून एखादेवेळी म्हणतील, ‘अरे, हे तर आमच्या कॉलेजचे.’

तीन-चार महिन्यांनी कानातल्या खरजेसाठी पुन्हा जाल. या वेळी टेबलावर आधीच गोणपाट घडी करून ठेवलेलं असेल. डॉक्टर इन्शुलिनची सिरिंज उचलतील, ती बाजूला ठेवतील, आणि सशाला हात लावण्याआधी विचारतील, ‘रात्री गवत खाल्लं काय यानं?’